बारोलोचं ब्लाइंड टेस्टिंग: जुनी पद्धत, नवी पद्धत

बाटलीवरचं लेबल झाकून, कोणाची वाइन आहे हे न सांगता चाखायला द्यायची आणि मार्क मागायचे, याला ब्लाइंड टेस्टिंग म्हणतात, डोळ्यांवर पट्टी वगैरे कोणी बांधत नाही. वाइन क्लबांचा यातला एक आवडता खेळ म्हणजे एकाच द्राक्षाची जुन्या पद्धतीची आणि नव्या पद्धतीची रेड वाइन शेजारीशेजारी ठेवून कोणती कुठली ते ओळखायचं. याला इटलीतली बारोलो एकदम फिट बसते, कारण तिथे या प्रश्नावरून बापलेकांची भांडणं झालीत.

बारोलो होते पिएमाँत प्रांतात, आल्बा शहराच्या नैऋत्येला, 11 गावांच्या हद्दीत. द्राक्ष फक्त नेब्बिओलो. नियम असा की तोडणीच्या वर्षातल्या 1 नोव्हेंबरपासून किमान 38 महिने मुरवायची आणि त्यातले 18 महिने लाकडात, 'रिझर्वा' लिहायचं असेल तर एकूण 62 महिने. पण पिंप केवढं असावं हे नियमात नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. जुने लोक द्राक्षाच्या साली रसात कित्येक आठवडे ठेवायचे आणि मग वाइन हजारो लिटरच्या जुन्या पिंपात, म्हणजे 'बोत्ती'त, वर्षानुवर्षं पडून राहायची. नव्यांनी साली थोड्या दिवसांतच काढल्या, काहींनी त्यासाठी गोल फिरणाऱ्या टाक्या आणल्या, आणि वाइन 225 लिटरच्या नव्या फ्रेंच ओकच्या पिंपात भरली. या छोट्या पिंपाला 'बारीक' म्हणतात (उच्चार जवळपास आपल्या बारीकसारखाच, आणि आहेही ते बारीकच). पिंप लहान तेवढा वाइनचा लाकडाशी संबंध जास्त, त्यात लाकूड नवं, म्हणून व्हॅनिलाचा आणि भाजल्यासारखा वास येतो.

बारोलो बनवणाऱ्या घरातला एलिओ आल्तारे 1976 साली फ्रान्समधला बर्गंडी हा वाइनचा प्रांत बघून आला, तिथल्या वाइनवाल्यांची भरभराट बघून त्याचं डोकं फिरलं आणि 1983 साली त्याने घरातली जुनी पिंपं चेनसॉने कापली. वडिलांनी त्याला वारसातून काढलं. दुसऱ्या टोकाला जुन्या पद्धतीचा वाइनवाला बार्तोलो मास्कारेल्लो, ज्याने स्वतः हाताने रंगवलेल्या लेबलवर 'नो बारीक, नो बेर्लुस्कोनी' असं लिहिलं (बेर्लुस्कोनी म्हणजे इटलीचा राजकारणी). पुढे बरेच जण मधल्या वाटेवर आले, साली जरा जास्त दिवस ठेवायला लागले, नवं लाकूड कमी केलं, त्यामुळे हल्लीच्या वर्षांच्या बाटल्या घेऊन हा खेळ खेळलात तर फरक पुसट लागतो. नव्वदच्या दशकातल्या बाटल्या मिळाल्या तर खरी मजा, पण मग खिशाचं बघा.

मांडणीत लोक सगळ्यात जास्त चुकतात ते गाव न बघण्यात. ला मोर्राची बारोलो साधारण मऊ, सेर्रालुंगाची कडक, त्यामुळे सेर्रालुंगाची नव्या पद्धतीची बाटली ला मोर्राच्या जुन्या पद्धतीच्या बाटलीपेक्षा जास्त तुरट लागू शकते आणि सगळे हमखास फसतात. म्हणून वर्ष एकच आणि जमलं तर गावही एकच घ्यावं. 750 मिलीच्या बाटलीतून 50 मिलीप्रमाणे 15 जणांना पुरते. बाटल्या खाकी पिशवीत घालून नंबर टाकायचे, बुचावरची फॉइल आधीच पूर्ण काढायची, कारण फॉइलच्या रंगावरून जाणते लोक लगेच ओळखतात, आणि बाटलीचा आकार आणि वजनही चुगली करतं म्हणून दुसऱ्या भांड्यात ओतून घेतलेलं सगळ्यात बरं. ज्याने पिशव्या भरल्या त्याने नंबर टाकायचे नाहीत. वाइन 16 ते 18 अंशाला द्यायची, 'रूम टेंपरेचर' हा शब्द पुण्याच्या एप्रिलसाठी नाही.

रंगाचा घोळ वेगळाच. नेब्बिओलो मुळात फिकी, जुन्या पद्धतीत कडेला विटकरी-नारिंगी झाक लवकर येते आणि नव्या पद्धतीची वाइन बऱ्याचदा गडद दिसते, म्हणजे नाक लावायच्या आधीच मत बनलेलं असतं. फ्रान्समधल्या बोर्दोच्या एका प्रयोगात, जो 2001 साली छापून आला, 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं! त्यामुळे काही क्लब काळे ग्लास वापरतात.

बारोलोच्या वासाला डांबर आणि गुलाब म्हणायची पद्धत आहे. चवीला मात्र आपला 'तुरट' हा शब्द बरोब्बर बसतो, कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी टाळूला ओढल्यासारखी होते तसं. सहाव्या ग्लासानंतर तोंडाला काही कळेनासं होतं, म्हणून चाखून थुंकायचं, टेबलावर पिकदाणी ठेवलेली असते, आणि चीज मार्क देऊन झाल्यावरच, कारण चीजबरोबर तुरटपणा कमी जाणवतो. शिवाय सगळ्यांनी कागदावर लिहीपर्यंत गप्प बसायचं. एकाने "व्हॅनिला!" म्हटलं की सगळ्यांना व्हॅनिला येतो.

निकाल सहसा क्रमांकांच्या बेरजेने काढतात, पहिल्याला 1, दुसऱ्याला 2, सगळ्यात कमी बेरीज ती जिंकली. यात गंमत अशी की जी वाइन अर्ध्यांनी पहिली आणि अर्ध्यांनी शेवटची लावली ती बेरजेत मधोमध येते आणि जी कोणालाच फार आवडली नाही पण खटकलीही नाही ती वर जाऊ शकते. म्हणून पिशव्या काढायच्या आधी प्रत्येक नंबरला किती जणांनी पहिलं आणि किती जणांनी शेवटचं लावलं ते हात वर करून मोजतात, आणि वादाला तिथूनच तोंड फुटतं.