तुळजाभवानीची मंचकी निद्रा

तुळजापूर (जि. धाराशिव) येथील तुळजाभवानीची मूर्ती सिंहासनावरून उतरवून पलंगावर निजवण्याचा विधी. भवानीची मूर्ती चल, म्हणजे पायाशी कायमची न बसवलेली, असल्यामुळेच हा विधी होऊ शकतो. वर्षातून तीनदा मिळून सुमारे २१ दिवस देवी निद्रेत असते. तिथीचा क्षय वा वृद्धी झाली, तर एखादा दिवस मागेपुढे होतो.

घोर निद्रा भाद्रपद वद्य अष्टमीच्या सायंकाळी सुरू होते. आश्विन शुद्ध प्रतिपदेच्या पहाटे मूर्ती पुन्हा सिंहासनावर येते आणि त्याच दिवशी घटस्थापना. विजयादशमीनंतर पहाटे सीमोल्लंघन झाले, की पौर्णिमेपर्यंत श्रम निद्रा. पौषातली मोह निद्रा शाकंभरी नवरात्राआधी येते व शुद्ध अष्टमीला संपते.

या विधीचे खरे वैशिष्ट्य मानाच्या वाटणीत आहे. मूर्ती हलवणे हे भोपे पुजाऱ्यांचे काम. पाळीकर (पाळीने पूजा करणारे), उपाध्ये, महंत व सेवेदार यांची कामे वेगळी. कोणी कोणाच्या कामात हात घालत नाही. श्रम निद्रेचा पलंग आणि सीमोल्लंघनाची पालखी दरवर्षी नगर भागातून येतात. पालखीचा मान बुऱ्हाणनगरच्या भगत (तेली) घराण्याकडे आहे. एवढ्या घराण्यांचे हक्क एका गाभाऱ्यात एकत्र आले, की तंटे आलेच. त्यामुळे निजाम राजवटीत १९०९ साली ‘देऊळ-ए-कवायत’ ही नियमावली झाली. आज मंदिर संस्थानचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते; पण रोजचा गाडा अजूनही पाळी आणि मान यांवरच चालतो.

निद्रेची तयारी गादीपासून होते. आराधी (देवीच्या सेवेला वाहिलेल्या) व इतर बायका कापूस हाताने निवडतात, मग पिंजारी तो पिंजतो आणि नव्या खोळीत भरला जातो. निवडण्यातच खरी मेहनत आहे: सरकी किंवा वाळलेल्या पानाचा कण राहिला तर गादीत टोचतो, आणि कापूस ओलसर असेल तर पिंजूनही गोळे राहतात. ठरल्या सायंकाळी अभिषेक होतो, हळद-कुंकवाचा लेप लागतो, नंतर मूर्ती शेजघरातील चांदीच्या पलंगावर निजवतात. सीमोल्लंघनाच्या वेळी तिला साड्यांचे दिंड, म्हणजे थरावर थर, गुंडाळतात. पालखीत धक्का लागू नये, हा त्यामागचा व्यवहारही आहे.

निद्राकाळात सिंहासनावरचे अभिषेक बंद असतात. बाहेरगावचे कुलाचारी नेमके इथेच चुकतात: नवसाचा अभिषेक ठरवून येतात आणि फक्त पलंगावरच्या देवीचे दर्शन घेऊन परततात. निघण्यापूर्वी पंचांग पाहावे आणि आपल्या पुजाऱ्याला विचारावे. तारीख दरवर्षी बदलते.

तुळजापुरातली पुजारी घराणी आणि आराधी मंडळी घोर निद्रेत गादी-उशी सोडून जमिनीवर निजतात. आई निजली असताना आपण मऊ अंथरूण घ्यायचे नाही, असे घरातली थोरली बाई लहानांना सांगते. परडी (जोगव्याची टोपली) आणि कवड्यांची माळ मात्र या दिवसांतही आराधिणीजवळ असते. मंगळवार-शुक्रवारचा जोगवाही चुकत नाही. नंतर कोजागिरीच्या पौर्णिमेला सोलापूरच्या मानाच्या काठ्या तुळजापुरात पोचतात. कर्नाटकातून पायी आलेल्या भक्तांची गर्दीही याच सुमारास सर्वांत दाट असते.