सीसीडीचे ‘जादुई’ रंग

मुंबईच्या बोरा बाजारात जुना कॅमेरा बघायला गेलात की कुणीतरी सांगतंच: लायका एम९ घ्या, त्यात सीसीडी हा जुन्या पद्धतीचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) आहे, असे रंग नव्या मिररलेस कॅमेऱ्यांना जमायचे नाहीत.

खरं नाही. सीसीडी असो वा नव्या कॅमेऱ्यांतला सीमॉस सेन्सर, त्यातल्या सिलिकॉनला रंग कळतच नाही. ते फक्त प्रकाश मोजतं. फरक आहे तो साठलेला विद्युतभार वाचण्याच्या पद्धतीत. रंग ठरतात ते सेन्सरवरच्या लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरांमुळे, अवरक्त किरण अडवणाऱ्या काचेमुळे आणि रॉ फाइलला (सेन्सरच्या कच्च्या नोंदीला) लावलेल्या रंगांच्या प्रोफाइलमुळे.

२००९ चा एम९ आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) २५०० ला थांबतो, म्हणजे अंधारात कमी पडतो. मात्र त्याच्या रेंजफाइंडरमधून (लेन्सपासून वेगळ्या खिडकीतून) फोटोच्या चौकटीबाहेरचंही दिसतं, ती मजा अस्सल! घेणार असाल तर सेन्सरची काच बदललीय का, तेवढं विचारा. मूळ काच गंजते.