वेदना तीच, त्रास कमी : संमोहन उपचाराची ओळख

१९९७ साली मॉन्ट्रियल येथील संशोधकांनी एक प्रयोग केला. सहभागी व्यक्तीचा हात ४७ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा आणि त्याच वेळी तिच्या मेंदूचे पेट स्कॅन (मेंदूचा कोणता भाग किती काम करतो हे दाखवणारे चित्रण) घ्यायचे, असे त्याचे स्वरूप होते. या तापमानाला कातडी लगेच भाजत नाही, पण काही क्षणांतच हात बाहेर ओढून घ्यावासा वाटू लागतो. सहभागी व्यक्तींना आधी संमोहित केले होते. एका फेरीत त्यांना सूचना दिली गेली की ही संवेदना तुम्हाला फारशी त्रासदायक वाटणार नाही, आणि दुसऱ्या फेरीत ती अधिक त्रासदायक वाटेल असे सांगितले गेले. पाणी दोन्ही वेळा तितकेच गरम होते. तरीही सूचनेनुसार त्रास कमी-जास्त झाल्याचे लोकांनी सांगितले आणि स्कॅनमध्येही तसाच बदल दिसला. वेदनेच्या भावनिक बाजूशी निगडित असलेल्या अँटिरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स या भागातील हालचाल सूचनेबरोबर बदलत गेली, मात्र संवेदनेची नोंद घेणाऱ्या भागात तसा फरक पडला नाही. पुढे २००१ साली सूचनेचे शब्द बदलून, त्रासाऐवजी वेदनेच्या तीव्रतेबद्दल बोलले गेले, तेव्हा संवेदनेची नोंद घेणाऱ्या भागातही बदल दिसून आला.

संमोहनाविषयी कोणी शंका घेतली की मला सर्वप्रथम हे दोन प्रयोग सांगावेसे वाटतात. संमोहित माणूस केवळ समोरच्याचे मन राखण्यासाठी ‘दुखत नाही’ म्हणतो, असा आक्षेप फार जुना आहे. परंतु सूचनेतील एका शब्दाच्या फरकाने मेंदूचा वेगळा भाग बदलत असेल, तर ते निव्वळ सोंग मानणे कठीण जाते.

संमोहन म्हणजे काय, हे साध्या शब्दांत असे सांगता येईल : लक्ष एका ठिकाणी खोलवर एकवटलेले असते, आजूबाजूच्या गोष्टींचे भान मागे पडलेले असते आणि मन सुचवलेल्या कल्पनेला नेहमीपेक्षा सहज प्रतिसाद देते, अशी ती अवस्था असते. पुस्तकात पूर्ण बुडालेल्या माणसाला शेजारच्या खोलीतील हाक ऐकू येत नाही, हा अनुभव आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे, आणि संमोहन त्याच अनुभवाचे जवळचे नातेवाईक आहे. ती झोप नसते. संमोहित माणसाला बोललेले ऐकू येते, तो उत्तरे देतो, नको असेल तर डोळे उघडून उठतो आणि झालेला संवाद बहुतेक वेळा त्याला आठवतो. या अवस्थेचा वापर एखाद्या आजाराच्या किंवा त्रासाच्या उपचारासाठी केला, की त्याला संमोहन उपचार म्हणतात.

झोपेचा गैरसमज नावापासूनच सुरू झाला आणि त्यामागचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे. अठराव्या शतकात फ्रान्झ अँटोन मेस्मर हा वैद्य प्राणिज चुंबकत्व नावाच्या एका अदृश्य द्रवाने आजार बरे होतात असे सांगत असे आणि पॅरिसमध्ये त्याच्याभोवती रुग्णांची झुंबड उडत असे. १७८४ साली सोळाव्या लुई राजाने या दाव्याची तपासणी करण्यासाठी समिती नेमली. तिच्यात अमेरिकी मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए यांच्यासारखे लोक होते. समितीने फ्रँकलिनच्या बागेतील एका झाडाला मेस्मरच्या शिष्याकडून ‘चुंबकीय’ करवून घेतले आणि डोळे बांधलेल्या एका बारा वर्षांच्या मुलाला झाडाझाडांपाशी नेले. तो मुलगा बेशुद्ध पडला खरा, पण चुंबकीय झाडापासून दूर, भलत्याच झाडापाशी. चुंबकत्व वगैरे काही नाही, हा सारा कल्पनाशक्तीचा परिणाम आहे, असा निष्कर्ष समितीने काढला. निष्कर्ष अचूक होता. मात्र निव्वळ कल्पनेने एखादा मुलगा बेशुद्ध पडू शकतो, ही गोष्टच किती विलक्षण आहे, याकडे त्या वेळी फारसे कोणी वळून पाहिले नाही.

वळून पाहणाऱ्यांपैकी पहिल्या काही जणांत गोव्यातील कांदोळी येथे १७५६ साली जन्मलेले धर्मगुरू आबे फारिया होते. १८१३ साली त्यांनी पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग सुरू केले. संमोहन करणाऱ्याच्या अंगी कोणतीही शक्ती नसते, जे घडते ते संमोहित होणाऱ्याच्या मनात घडते, असे ते ठामपणे सांगत. या विषयाबद्दल आज आपण जे मानतो, त्याचा गाभा याच वाक्यात आहे. पुढे १८४० च्या दशकात मँचेस्टर येथील शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांनी निद्रेच्या ग्रीक नावावरून ‘हिप्नॉटिझम’ हा शब्द रूढ केला. ही झोप नाही हे ध्यानात आल्यावर त्यांनी एकाच विचारावर मन खिळणे या अर्थाचा दुसरा शब्द सुचवला, पण तोपर्यंत पहिला शब्द लोकांच्या तोंडी बसला होता.

त्याच काळात, १८४५ साली, बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने तुरुंगातील एका कैद्यावर अशा अवस्थेत शस्त्रक्रिया केली आणि पुढच्या काही वर्षांत शेकडो शस्त्रक्रिया याच पद्धतीने पार पाडल्या. भूल देण्याचे औषध तेव्हा प्रचारात नव्हते. १८४६ साली बॉस्टनमध्ये ईथरचा आणि १८४७ साली क्लोरोफॉर्मचा वापर सुरू झाला. काही मिनिटांत, जवळजवळ प्रत्येक रुग्णाला हमखास लागू पडणारे साधन हाती आल्यावर एस्डेल यांची पद्धत मागे पडली, आणि ते स्वाभाविकच होते.

‘प्रत्येक रुग्णाला’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत, कारण संमोहन सर्वांना सारखे लागू पडत नाही. १९५९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील वाइत्झेनहॉफर आणि हिलगार्ड यांनी संमोहनशीलता मोजण्यासाठी बारा कसोट्यांची एक मोजपट्टी तयार केली. पुढे धरलेला हात जड होत आहे असे सांगितल्यावर तो किती खाली येतो, खोलीत नसलेल्या माशीची गुणगुण ऐकू येते का, अशा स्वरूपाच्या त्या कसोट्या आहेत. थोड्या लोकांना जवळजवळ सर्व सूचना लागू पडतात, थोड्यांना जवळजवळ एकही नाही, आणि बहुसंख्य लोक मधे असतात. पंचवीस वर्षांनी त्याच व्यक्तींची पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा त्यांचे गुण पहिल्या गुणांशी बरेच जुळले. संमोहनशीलता हा माणसाचा बऱ्यापैकी स्थिर गुण आहे, आणि भोळेपणाशी किंवा दुबळ्या इच्छाशक्तीशी तिचा संबंध नाही. रंगमंचावरील प्रयोगात माणसे कोंबड्यासारखी आरवतात, त्याचे रहस्यही यातच आहे. प्रयोग करणारा सुरुवातीला काही सोप्या सूचना देऊन सभागृहातील अतिसंमोहनशील आणि मंचावर यायला उत्सुक असलेली माणसे नेमकी निवडतो. उपचाराच्या नावाला या करमणुकीने जितका बट्टा लावला आहे, तितका कोणत्याही शास्त्रीय टीकेने लावलेला नाही, असे माझे मत आहे.

प्रत्यक्ष उपचार किती साधा दिसतो, हे पाहण्यासाठी आतड्यांच्या तक्रारीचे उदाहरण घेऊ. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजेच आयबीएस, या विकारात तपासण्यांत काहीही सापडत नाही, पण पोटात मुरडा येतो, पोट फुगते आणि शौचाचे वेळापत्रक पार बिघडते. पहिल्या भेटीत उपचारक रुग्णाशी केवळ बोलतो : त्रास केव्हा वाढतो, कशाने कमी होतो, आतडी कशी काम करतात आणि संमोहनात काय घडणार आहे. त्यानंतर रुग्ण आरामखुर्चीत बसतो, एका बिंदूवर नजर ठेवतो, डोळे मिटतो आणि उपचारकाच्या संथ आवाजाबरोबर एकेक स्नायू सैल सोडत जातो. मग उपचारक त्याला पोटावर हात ठेवायला सांगतो आणि हाताखाली ऊब जमा होत आहे, ती आत खोलवर पसरत आहे, अशी सूचना देतो. पुढे एखादे चित्र येते. ज्याला जुलाबाचा त्रास आहे त्याला खळाळत जाणारा प्रवाह हळूहळू रुंद, शांत नदी होताना पाहायला सांगतात, आणि ज्याला बद्धकोष्ठ आहे त्याच्यासाठी तुंबलेला प्रवाह वाहता होतो. अखेरीस आकडे मोजत रुग्णाला सावकाश नेहमीच्या भानावर आणले जाते. एकूण अर्धा-पाऊण तास लागतो.

मँचेस्टर येथील पीटर व्होरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली औषधांना दाद न देणाऱ्या तीस रुग्णांवर ही पद्धत तपासली. निम्म्या रुग्णांना मानसोपचार आणि औषध म्हणून प्लासिबो, म्हणजे औषधी घटक नसलेल्या, गोळ्या मिळाल्या, तर उरलेल्यांना संमोहन उपचार. पहिल्या गटात किंचित सुधारणा झाली, दुसऱ्या गटात सर्वच लक्षणांत मोठी सुधारणा दिसली. तीस ही संख्या लहान आहे हे मान्यच करावे लागेल. परंतु नंतरच्या काळात त्याच केंद्राने २०४ रुग्णांचा पाठपुरावा केला, तेव्हा ७१ टक्के रुग्णांना सुरुवातीला गुण आला होता आणि त्यांपैकी बहुतेकांची सुधारणा पुढे एक ते पाच वर्षे टिकून होती. वर्षभर औषधे घेऊनही लक्षणे कायम राहिलेल्या आयबीएस रुग्णांसाठी विचारात घ्यावयाच्या मानसिक उपचारांत ब्रिटनच्या नाईस या मार्गदर्शक संस्थेने २००८ साली संमोहनाचा समावेश केला.

वेदनेच्या बाबतीत पुरावा अधिक विस्तृत आहे. २०१९ साली ८५ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात वेदना कमी होण्याची थेट सूचना दिल्यावर अतिसंमोहनशील व्यक्तींच्या वेदनेत सुमारे ४२ टक्के आणि मध्यम संमोहनशील व्यक्तींच्या वेदनेत सुमारे २९ टक्के घट आढळली. हे बहुतेक प्रयोग प्रयोगशाळेतील आहेत, पण शस्त्रक्रियागृहातील चित्रही बोलके आहे. २००० साली एल्व्हिरा लँग आणि सहकाऱ्यांनी रक्तवाहिन्या व मूत्रपिंडांवरील छोट्या प्रक्रिया जागेपणी करून घेणाऱ्या २४१ रुग्णांची तुलना केली. ज्यांना प्रक्रियेच्या टेबलावरच स्वसंमोहन शिकवले गेले, त्यांना वेदनाशामक औषधे कमी लागली, आणि एरवी सरासरी ७८ मिनिटे चालणारी प्रक्रिया ६१ मिनिटांत आटोपली. बेल्जियममधील लिएज येथे १९९२ पासून संमोहन, स्थानिक भूल आणि अल्प प्रमाणात गुंगीचे औषध यांच्या एकत्रित वापराने हजारो शस्त्रक्रिया झाल्या आहेत. या सर्व ठिकाणी संमोहन वैद्यकीय उपचाराच्या बरोबरीने वापरले गेले, त्याची जागा घेण्यासाठी नव्हे. रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून येणाऱ्या गरम वाफांवरही त्याचा उपयोग होतो. २०१३ साली १८७ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात पाच साप्ताहिक सत्रांनंतर या वाफांचे प्रमाण सुमारे तीन-चतुर्थांशांनी घटल्याचे दिसले. शस्त्रक्रियेपूर्वीची धास्ती, दंतवैद्याची भीती, भाजलेल्या जखमेची मलमपट्टी अशा प्रसंगीही ते कामी येते. धूम्रपान सोडवण्याबाबत मात्र जाहिराती जितक्या मोठ्या आवाजात बोलतात, तितका भक्कम पुरावा नाही.

हे सारे मेंदूत नेमके कसे घडते, यावर संशोधकांत अजून एकमत नाही. संमोहन ही स्वतंत्र अवस्था आहे की अपेक्षा, कल्पनाशक्ती आणि एकाग्रता यांचाच तो संयोग आहे, हा वाद अनेक दशकांचा आहे. स्टॅनफर्ड येथील डेव्हिड स्पीगेल यांच्या गटाने २०१६ साली ५७ व्यक्तींच्या मेंदूंचे स्कॅन प्रसिद्ध केले. अतिसंमोहनशील व्यक्तींमध्ये संमोहनाच्या वेळी, कशाची चिंता करावी हे ठरवण्यात भाग घेणारा सिंग्युलेटचा एक भाग शांत झाला होता. नियोजन करणारा पुढचा भाग आणि शरीराच्या आतील स्थितीची खबर ठेवणारा इन्सुला यांच्यातील जोडणी वाढली होती. पोटावर ठेवलेल्या हाताची ऊब आतड्यांपर्यंत ‘पोहोचते’ असे रुग्ण म्हणतात, तेव्हा मला ही जोडणी आठवते.

एका बाबतीत मात्र मी वाचकांना कळकळीने सावध करू इच्छितो, आणि ती म्हणजे स्मृती. संमोहनाने बालपणीच्या किंवा थेट ‘मागील जन्मीच्या’ दडलेल्या आठवणी बाहेर काढता येतात, हा समज सर्वाधिक लोकप्रिय आहे आणि सर्वाधिक घातकही आहे. संमोहनात माणूस अधिक आठवणी सांगतो हे खरे, पण त्यांत खऱ्याबरोबर खोट्याही वाढतात, आणि दोन्हींवरचा त्याचा विश्वास सारखाच दृढ होतो. १९८३ साली लॉरेन्स आणि पेरी यांनी २७ अतिसंमोहनशील व्यक्तींना संमोहनात सुचवले की गेल्या आठवड्यातील एका रात्री मोठ्या आवाजाने तुम्हाला जाग आली होती. त्यांपैकी १३ जणांनी नंतर, पूर्ण जागेपणी, तो आवाज खरोखर ऐकल्याचे सांगितले. एखाद्याने अशा ‘सापडलेल्या’ आठवणीच्या आधारे आपल्या वडिलांवर किंवा मामावर अत्याचाराचा आरोप केला, तर त्या घराचे काय होईल याची कल्पना करावी. अशी घरे प्रत्यक्षात उद्ध्वस्त झालेली आहेत. वेदनाशमनासाठी कल्पनेची जी ताकद वरदान ठरते, तीच इथे उलटते, कारण मेंदूला सुचवलेले चित्र आणि पाहिलेले चित्र यांतील सीमारेषा संमोहनात पुसट झालेली असते.

म्हणूनच उपचार कोणाकडून घ्यावा हा प्रश्न तंत्राइतकाच मोलाचा आहे. डॉक्टर, दंतवैद्य किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ अशा, मूळ आजारावर स्वतः उपचार करू शकणाऱ्या आणि संमोहनाचे वेगळे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडेच जावे. पोटदुखीचे कारण तपासून निश्चित झाल्याखेरीज ती संमोहनाने दडपणे धोक्याचे असते. भ्रम किंवा भास होणारे तीव्र मानसिक आजार असलेल्या व्यक्तींनी मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय हा मार्ग धरू नये. एकाच बैठकीत आजार मुळापासून घालवण्याची हमी देणाऱ्याकडे पाठ फिरवणेच बरे.

चांगला उपचारक पहिल्या काही भेटींतच रुग्णाला स्वसंमोहन शिकवतो आणि घरी सरावासाठी स्वतःच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण देतो. सुरुवातीला रुग्ण रोज वीस मिनिटे ते ऐकतो. काही आठवड्यांनी तो ते अर्ध्यावरच थांबवतो, कारण पुढचे शब्द त्याला आधीच ठाऊक असतात. आणि मग एखाद्या दिवशी प्रवासात मुरडा येऊ लागल्यावर तो डोळे मिटतो, पोटावर हात ठेवतो आणि हाताखाली ऊब जमू लागण्याची वाट पाहतो.