संत्र्याचा डोळा आणि पऱ्हाटीतला जीन

काटोलकडं माझ्या मामांच्या शेतात धुऱ्याच्या अलीकडं संत्र्याची बाग आहे आणि पलीकडं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. मी नागपुरात जीवशास्त्र शिकवते, म्हणून दिवाळीत गेले की मामी काहीतरी विचारतेच. या खेपेला तिनं विचारलं, "काऊन वं, हे कलमाचं संत्रं आन् बीटीची पऱ्हाटी एकच का? दोन्ही मानसानंच बनवले ना?"

प्रश्न अगदी नेमका होता. क्लोनिंग आणि जनुकीय अभियांत्रिकी हे दोन शब्द वर्गातही मुलं सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, आणि मामीच्या धुऱ्याच्या दोन बाजूंना नेमकी तीच दोन उदाहरणं उभी आहेत. बाग क्लोनची आहे. पऱ्हाटीत जीन, म्हणजे जनुक, बाहेरून आणून घातलेला आहे.

आधी बाग बघू. चांगल्या झाडाची डोळकाडी, म्हणजे डोळे असलेली काडी आणायची, जंभेरी नावाच्या लिंबाच्या खुंटावर (खाली मुळं देणाऱ्या रोपावर) जमिनीपासून वीतभर उंचीवर साल चिरायची, आत डोळा बसवून पट्टीनं बांधायचं. त्या डोळ्यातून फुटलेलं झाड म्हणजे मूळ झाडाचाच पुढं वाढलेला भाग. जनुकं तीच, त्यात नवं काहीही आलेलं नाही. क्लोन म्हणजे एवढंच. त्यासाठी प्रयोगशाळा लागतेच असं नाही. आपल्याकडं हे काम पन्हेरीतला (रोपवाटिकेतला) डोळे भरणारा माणूस उकिडवा बसून करतो.

त्याहून नवलाची गोष्ट त्या खुंटाची आहे. जंभेरी बियांपासून लावतात, म्हणजे तिची रोपं आईबापांच्या मिश्रणाची असायला हवीत. पण तिच्या एकेका बीमधून अनेकदा दोन-तीन रोपं उगवतात, आणि त्यातली बहुतेक परागकणाचा काही संबंध नसताना आईच्याच पेशींपासून तयार झालेली असतात. म्हणजे तीही क्लोन, तीही निसर्गानं बनवलेली! पन्हेरीतले लोक वेगळ्या पानांची, फार खुजी रोपं उपटून टाकतात, कारण संकरातून आलेली रोपं बहुधा तीच असतात. हे ज्ञान त्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि मला त्याचं फार मोल वाटतं.

प्राण्यांत हे इतकं सोपं नाही. गाईचा कान मातीत लावून गाय येत नाही. स्कॉटलंडमध्ये 1996 साली जन्मलेल्या डॉली मेंढीसाठी सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतली पेशी घेतली, दुसऱ्या मेंढीच्या बीजांडातलं केंद्रक काढून टाकलं, दोन्ही एकत्र जुळवली आणि तयार झालेला गर्भ तिसरीच्या पोटात वाढवला. अशी 277 बीजांडं जुळवली, तेव्हा कुठं एक डॉली जगली. आपल्याकडं कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेनं 2009 मध्ये म्हशीचा क्लोन जन्माला घातला. क्लोन मोठा होऊन येत नाही, पिल्लू म्हणूनच जन्मतो. आणि जनुकं सारखी असली तरी आयुष्य सारखं नसतं. एकाच झाडाचं आंबिया बहाराचं आणि मृग बहाराचं, म्हणजे दोन वेगळ्या हंगामांतलं संत्रं चवीला सारखं लागतं का?

आता धुऱ्यापलीकडं. बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा जिवाणू मातीत असतो, बीटी हे त्याचंच लघुरूप. त्याचं एक प्रथिन बोंडअळीच्या आतड्याला भोकं पाडतं. ते प्रथिन बनवण्याची सूचना ज्या जनुकात आहे ते जनुक उचलून कपाशीच्या पेशीत घातलं. त्यानंतर पऱ्हाटीचं प्रत्येक पान, प्रत्येक बोंड ते प्रथिन स्वतःच बनवू लागलं. हे काम डोळा भरून कधीच झालं नसतं, कारण जिवाणू आणि कपाशी यांची सोयरीक निसर्गात जुळत नाही. भारतात बीटी कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांची कपाशी 2006 मध्ये आली. आणि ही पऱ्हाटी क्लोन मुळीच नाही. संकरित वाणाची घरची सरकी पेरली, तर झाडं एकसारखी निघत नाहीत. मधुमेहाचं इन्सुलिनही याच वाटेनं आलं: माणसाचं जनुक जिवाणूत घालून बनवलेलं इन्सुलिन 1982 पासून औषध म्हणून मिळतं.

गोंधळाला एक खरं कारणही आहे. प्रयोगशाळेत एखाद्या जनुकाच्या असंख्य प्रती काढण्यालाही 'जीन क्लोनिंग' म्हणतात, आणि जनुकीय अभियांत्रिकीत ती पायरी लागतेच. दोन्ही तंत्रं एकाच जीवातही येऊ शकतात. डॉलीनंतर वर्षभरानं जन्मलेली पॉली मेंढी क्लोन होती, शिवाय तिच्यात रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचं मानवी जनुकही होतं.

दोन्हींचे धोकेही वेगवेगळे आहेत, आणि शेतकऱ्यानं फरक समजून घ्यावा असं मला वाटतं ते यासाठीच. सगळी बाग एकाच रक्ताची असली की एका झाडाला पडणारा रोग सगळ्यांना पडू शकतो, म्हणून डोळकाडी निरोगी झाडाचीच हवी. पऱ्हाटीचं दुखणं वेगळं: गुलाबी बोंडअळी त्या प्रथिनाला सरावली आणि 2017 मध्ये विदर्भानं त्याची किंमत मोजली. बीटीसोबत थोडी बिगर-बीटी कपाशी लावायला सांगतात ती अळीचं हे सरावणं लांबवण्यासाठी.

मामीची एक शंका उरलीच होती. "मंग जंभेरीचा गुण संत्र्यात उतरत नाही का?" मुळं जंभेरीची असल्यानं झाडाचा जोम, रोगाला तोंड देण्याची ताकद यांवर परिणाम होतो, पण जंभेरीची जनुकं संत्र्याच्या बीत जात नाहीत. एकाच बुंध्यात दोन वेगळी झाडं शेजार करून राहतात. हे ऐकून ती मला बागेच्या कोपऱ्यातल्या एका झाडापाशी घेऊन गेली. डोळ्याच्या जोडाखाली एक काटेरी फांदी फुटून वर गेली होती आणि तिला खडबडीत सालीची पिवळी लिंबं लागली होती. "हे पाह्य, शेजारीण," म्हणून तिनं विळ्यानं ती बुडातून कापली.