९४ वर अडलेलं नेट

"आरं, जरा येऊन बघ की. नवा राऊटर आणला, पण नेट काय पळंनाच झालंय." शिवाजी पेठेतल्या मामांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज रडकुंडीला आला होता. प्लॅन ३०० एमबीपीएसचा, राऊटरच्या खोक्यावर '१२००' छापलेलं, आणि माजघरात मोबाइलवर वेग दिसत होता १८. मामांनी राऊटर दोनदा रिसेट केला होता, दुकानदाराशी वादही घालून झाला होता.

अशा वेळी राऊटरला हात लावण्याआधी एक काम करावं. वायफाय बाजूला ठेवून लॅपटॉप लॅन केबलनं थेट राऊटरला जोडावा आणि वेग मोजावा. त्यानं प्रश्नाचे दोन तुकडे होतात. वायरवर वेग पुरता मिळाला तर दोष हवेतला, म्हणजे वायफायचा. वायरवरही कमी आला तर राऊटरच्या मागे शोधायचं. मामांच्या सोप्यात मी हेच केलं. आकडा आला ९४. पुन्हा मोजलं, पुन्हा ९४.

हा आकडा ओळखीचा आहे. लॅन केबलच्या आत आठ तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. १०० एमबीपीएसच्या जुन्या पद्धतीला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात, एक पाठवायला आणि एक घ्यायला. हजार एमबीपीएसला, म्हणजे गिगाबिटला, चारही लागतात. प्रत्येक जोडी दोन्ही दिशांना एकाच वेळी २५० वाहते. एखादी तार तुटली किंवा केबलच्या टोकाच्या क्लिपमध्ये नीट बसली नाही, तर बहुतेक यंत्रं तक्रार न करता १०० वर उतरतात. नेट चालू राहतं, दिवे लुकलुकतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. मग १०० ऐवजी ९४ का? १,४६० बाइटांचा माल पाठवायला पत्ता, तपासणी आणि मधली मोकळी जागा धरून तारेवर १,५३८ बाइटांची जागा जाते. ही तूट वजा केली की ९४-९५ उरतात.

फायबर ज्या पांढऱ्या डबीत येतं तिला सगळे मोडेम म्हणतात, खरं नाव ओएनटी. तिथून राऊटरकडे आलेल्या केबलची क्लिप मी उजेडात धरली. पारदर्शक प्लास्टिकमधून आठ रंग ओळीनं दिसतात. सात तारा टोकापर्यंत पोचल्या होत्या. तपकिरी तार मात्र दोन मिलिमीटर मागंच राहिली होती, क्लिपमधलं धातूचं पातं तिला टेकतच नव्हतं. क्लिप कापली, तारा सरळ केल्या, नवी क्लिप क्रिंपर नावाच्या पकडीनं दाबली. वायरवर वेग २८७. राऊटर बिचारा निर्दोष होता.

राऊटर विकत घेताना मात्र खोक्यावर नीट बघायला हवं. '१२००' ही वायफायच्या दोन लहरी-पट्ट्यांची गोळाबेरीज असते, २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७. फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, आणि हे आकडे कागदावरचे. प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास मिळाले तरी ठीक. असे कित्येक '१२००' राऊटर मागे १०० चंच पोर्ट घेऊन येतात, आणि खोक्यावर ते बारीक अक्षरात असतं. मला हे ग्राहकाशी प्रामाणिक वाटत नाही. 'गिगाबिट' हा शब्द दिसल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आता माजघर. मामांचं घर जुनं, दगड-मातीच्या दोन फुटी भिंती. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे साधारण अर्धी वीत. ५ गिगाहर्ट्झची सहा सेंटिमीटरांच्या आतबाहेर. जास्त वेग ५ वर मिळतो, पण भिंत ओलांडताना तो पट्टा लवकर दमतो. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असलं की फोन आपल्या मर्जीनं २.४ ला चिकटून बसतो. वर राऊटर पत्र्याच्या कपाटामागे ठेवलेला. पत्रा लहरी परतवतो, त्यामुळे कपाटापलीकडे सावली पडते. राऊटर मोकळ्यावर, छातीएवढ्या उंचीवर आणताच माजघरातला आकडा १८ चा ३१ झाला.

पेठेतल्या दाट वस्तीत शेजाऱ्यांचे राऊटरही असतातच. २.४ वरचे चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्यातल्या वाटा, पाच-पाच मेगाहर्ट्झवर आखलेत, पण एकेकाला वीसएक मेगाहर्ट्झ रुंदी लागते. म्हणून एकमेकांत न घुसणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. मोकळा दिसतो म्हणून ३ निवडणं घातक. एकाच चॅनेलवरचे राऊटर एकमेकांचं ऐकतात आणि आळीपाळीनं बोलतात. अर्धवट घुसलेल्याचं बोलणं मात्र कळत नाही, त्याचा नुसता गोंगाट होतो, शेजारच्या मंडळाचा स्पीकर आपल्या भाषणावर आदळावा तसा. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. त्यातून झिरपलेली थोडी ऊर्जा मोबाइलच्या क्षीण संकेतापुढे खूप असते.

मामांची आणखी एक तक्रार होती, संध्याकाळी राऊटर आपोआप बंद-चालू होतो. अ‍ॅडॉप्टर उलटा करून वाचला. १२ व्होल्ट बरोबर, पण ०.५ अँपिअर, सेट-टॉप बॉक्सचा. राऊटरला १.५ हवे होते. संध्याकाळी घरभर फोन जोडले गेले की अपुऱ्या विजेवर राऊटर बंद पडतो. खोक्यातला मूळ अ‍ॅडॉप्टर लावला आणि प्रश्न मिटला. वळवाच्या दिवसांत हा अ‍ॅडॉप्टर काढून ठेवायची सवयही लावून घ्यावी. फायबरच्या काचेच्या तंतूतून आभाळातली वीज येत नाही, अ‍ॅडॉप्टरमधून येते.

दुकानदारानं माजघरासाठी रिपीटर सुचवला होता. साधा रिपीटर त्याच रेडिओवर ऐकतो आणि त्यावरच पुन्हा बोलतो, वेग निम्मा होतो. त्यापेक्षा चौकटीच्या कडेनं वीस फूट लॅन केबल ओढली आणि मामांचा जुना राऊटर पलीकडे लावला. त्याचा पत्ता बदलला, डीएचसीपी, म्हणजे फोनना पत्ते वाटायचं काम, बंद केलं, केबल लॅन पोर्टातच खोचली. तोही ५ गिगाहर्ट्झचा होता. मामांनी चुलीशेजारच्या कट्ट्यावर बसून फोनवर वेग मोजला.

"चौऱ्याण्णव! तपकिरी तार परत सुटली काय रं?"

"नाही मामा, क्लिप मी तपासलीय. तुमच्या या जुन्या राऊटरचं पोर्टच शंभरचं आहे."

त्यांनी चष्मा लावून राऊटरच्या पाठीवरचा कागद वाचला, मान हलवली, आणि मामींना चहा टाकायला सांगितलं.