पेपरातला पूर आणि पंचनाम्यातला पूर

मुंबईजवळच्या दिवा किंवा बदलापूरसारख्या गावात पुराचं पाणी ओसरलं की एकाच घरात दोन तऱ्हेचे फोटो निघतात. एक पेपरचा फोटोग्राफर काढतो, दुसरा तलाठी नाहीतर घरातलंच कुणीतरी पंचनाम्यासाठी काढतं. दोन्हींत चिखल तोच, फुगलेली गादी तीच. म्हणून लोक दोन्ही एकाच मापाने मोजतात: फोटो म्हणजे पुरावा. पण पेपरचा फोटो आतून हलवतो, कारण त्यात बरंच काही गाळलेलं असतं. पंचनाम्याच्या फोटोत काही गाळलं, तर तो कामाचा राहत नाही.

डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर वृत्तछायाचित्रकार अर्को दत्ता यांनी तमिळनाडूतल्या कडलूरला काढलेला फोटो आठवा. वाळूवर कोसळून आक्रोश करणारी एक बाई, आणि कडेला मृत व्यक्तीचा फक्त हात. त्यात ना समुद्र, ना पडलेली घरं, ना मृतांचा आकडा. बातम्यांच्या फोटोंच्या जागतिक स्पर्धेत तो त्या वर्षीचा ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ ठरला. कुणाचा हात, हे फोटो सांगत नाही, आणि तिथेच बघणारा आपलं माणूस आणून ठेवतो.

त्यासाठी चेहरा किंवा मृत्यू लागतोच असंही नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तेव्हाची वरून टिपलेली दृश्यं आपल्याकडे अजून कुणी विसरलेलं नाही. चहूकडे गढूळ पाणी, मधोमध आगगाडी. हजारावर प्रवासी सगळे सुखरूप बाहेर आले, तरी ते पाहून पोटात गोळा येतो, कारण रोज कर्जत लोकल पकडणारा त्या डब्यात स्वतःला बसवतो. उलट मुंबई बुडाली तो २६ जुलै २००५ म्हटलं की सांताक्रूझचा एका दिवसातला ९४४ मिलिमीटर पाऊस तोंडपाठ; तसा एकच एक फोटो मला तरी सांगता येणार नाही.

पंचनाम्याचा फोटो अगदी रटाळ हवा. दारावरचा घर क्रमांक, मग दारातून दिसणारी अख्खी खोली, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेला टेप लावून उंची, फ्रिजमागची कंपनीची पट्टी, वीज मीटरचा नंबर. कपडे-भांडी, घराची अंशतः पडझड, पूर्ण पडझड, असे रकाने असतात. रडणाऱ्या आजीला रकाना नाही. हे निर्दय वाटतं खरं, पण आजीच्या हातात मदतीचे पैसे पडतात ते याच कोरड्या फोटोंमुळे.

गडबड होते ती अदलाबदलीत. कुणी विम्याच्या सर्व्हेअरला फिल्टर लावलेला, आजूबाजूचं कापून टाकलेला हळवा फोटो पाठवतं, त्यात घर कुठलं तेच कळत नाही. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की आतली वेळ-ठिकाणाची नोंद पुसली जाते. मूळ फाइल फोनमध्ये ठेवा, पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

हळवा फोटो बघणाऱ्यानेच पुरावा मानला, तर ती चूक जास्त महागात पडते. २०१५ च्या नेपाळ भूकंपानंतर धाकटीला कवेत घेतलेल्या चिमुकल्या भावाचा फोटो जगभर फिरला, त्यावर मदतीची आवाहनं झाली. प्रत्यक्षात तो २००७ मध्ये व्हिएतनामच्या हा गियांग प्रांतात काढलेला. मुलं घराबाहेर खेळत होती, अनोळखी माणूस पाहून धाकटी रडली, थोरल्याने तिला जवळ घेतलं, एवढंच. फोटो खोटा नव्हता, पत्ता खोटा होता. जो फोटो पत्त्याशिवायही रडवतो, त्याच्यावर कुठलाही पत्ता चिकटवता येतो. दर पावसाळ्यात आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर ठाण्याच्या ‘कळव्यातलं आत्ताचं दृश्य’ म्हणून येणारे कितीतरी पूर असेच कुठले कुठले असतात.

तेव्हा पाणी ओसरलं की झाडू हातात घेण्याआधी पंचनाम्याचे फोटो काढून घ्या. पेपरवाला आला तर येऊ द्या, त्याच्या फोटोने कधीकधी साहेबलोक लवकर हलतात. पण आजीचा फोटो काढायचा की नाही, हे त्याला आजीलाच विचारू द्या.