पुस्तक मिटल्यावर काय येतं?

जानेवारी उजाडला की साताऱ्यातल्या अभ्यासिकांमध्ये जागा मिळेनाशी होते. दहावीच्या सराव परीक्षा सुरू असतात, कोल्हापूर विभागीय मंडळाचं वेळापत्रक भिंतीवर चिकटलेलं असतं आणि पोवई नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्यांना नोट्स काढून देता देता जेवायला फुरसत नसते. अशा वेळी कुठल्याही मुलाचं विज्ञानाचं पुस्तक उघडून बघा. पानं पिवळ्या-गुलाबी हायलाइटरने माखलेली असतात. भिंगांचा धडा तीनदा वाचलेला असतो आणि विचारलं तर उत्तर तयार असतं, "झालाय, सगळं येतंय."

मग पुस्तक मिटायला सांगायचं, कोरा कागद पुढे करायचा आणि म्हणायचं, वस्तू बहिर्वक्र भिंगापासून नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर ठेवली आहे, प्रतिमा काढून दाखव. भिंग निघतं, अक्ष निघतो. पहिला किरण समांतर जातो, भिंगातून वळतो आणि नाभीतून पुढे सरकतो. इथवर ठीक. दुसरा किरण कुठून न्यायचा? पेन्सिल थांबते. प्रतिमा मोठी की तेवढीच? आत्ता दहा मिनिटांपूर्वी त्याच आकृतीवर रंग फिरवलेला असतो, तरी ततपप होतं.

यात मुलाचा आळस नाही. समोर आलेली गोष्ट ओळखणं हे एक काम आणि समोर काही नसताना ती आठवून काढणं हे दुसरं. पुन्हा पुन्हा वाचल्याने पहिलं जमतं, आणि ते इतकं सहज जमतं की दुसरंही आलं असं वाटायला लागतं. पेपरात मात्र मुख्यतः दुसरंच विचारतात.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे फार सोप्या प्रयोगातून दाखवलं. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर पारडं फिरलं. वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६. म्हणजे आठवण काढणं ही फक्त तपासणी नाही. ते करतानाच ती गोष्ट पक्की होत जाते, आणि अडखळत आठवली तर जास्तच.

आपल्याकडे घोकंपट्टीला सरसकट नावं ठेवायची पद्धत आहे. मला ती निम्मीच पटते. अर्थ न कळता धडा पाठ करणं वाईटच. पण जुन्या शाळांतले मास्तर पाढे नुसते म्हणवून घेत नसत. मध्येच एखाद्याला उठवून "बारा साते?" असं विचारत, आणि त्याला पाढ्याच्या सुरुवातीपासून न धावता चौऱ्याऐंशी काढून द्यावे लागत. वाईसारख्या ठिकाणी चालत आलेल्या वेदपठणातला जटापाठही असाच आहे. पहिलं पद, दुसरं पद, मग दुसरं-पहिलं, पुन्हा पहिलं-दुसरं. क्रम उलटला की जीभ सवयीने पुढे पळू शकत नाही, लक्ष ठेवावंच लागतं. ज्यांना आपण पाठांतर म्हणून हिणवतो त्या पद्धतींत स्वतःची परीक्षा घेण्याचा भाग मोठा होता. तो गळाला आणि नुसतं वाचन उरलं.

दुसरा मुद्दा वेळेचा. जर्मनीतल्या हरमान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष छापले. त्याने निरर्थक अक्षरगट पाठ केले आणि काही काळाने तेच पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात ते मोजलं. वीस मिनिटांनी बचत ५८ टक्के होती, एका दिवसाने सुमारे ३४ आणि ३१ दिवसांनी २१. अर्थ असलेला मजकूर इतक्या झपाट्याने विरत नाही, पण घसरणीची तऱ्हा तीच: सुरुवातीला जोरात, पुढे हळू. त्या २१ टक्क्यांतही दिलासा आहे. पार विसरलो असं वाटलेलं सगळंच गेलेलं नसतं, दुसऱ्यांदा ते लवकर येतं.

म्हणून उजळणी एका बैठकीत न उरकता अंतर ठेवून करावी. हे अंतर किती असावं, हे सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १,३५० हून अधिक लोकांवर तपासलं. परीक्षा आठवड्यावर असेल तर एका दिवसाचं अंतर उत्तम ठरलं, ३५ दिवसांवर असेल तर ११ दिवसांचं आणि ७० दिवसांवर असेल तर २१ दिवसांचं. डिसेंबरात केलेला धडा दुसऱ्याच दिवशी पुन्हा धरण्यापेक्षा जानेवारीत धरलेला बरा. मुलांना हे आवडत नाही, कारण मधल्या काळात थोडं विसरायला झालेलं असतं आणि दुसऱ्यांदा बसताना जड जातं. फायदा त्या जडपणातच आहे.

गणितात आणखी एक गोम आहे. महत्त्वमापनात शंकूची दहा उदाहरणं, मग वृत्तचितीची दहा, मग गोलाची दहा असं आपण सोडवतो. दुसऱ्या उदाहरणानंतर डोकं लावायचं कारणच उरत नाही, सूत्र ठरलेलं असतं. रोरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये घनफळाचीच उदाहरणं घेऊन दोन गट पाडले. प्रकारवार सोडवणाऱ्यांची सरावात ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत हेच आकडे २० आणि ६३ झाले. पेपरात उदाहरणावर 'हे शंकूचं' अशी चिठ्ठी लावलेली नसते, ते ओळखण्याचाही सराव लागतो.

हायलाइटरबद्दल थोडक्यात: २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासलं, तेव्हा अधोरेखन आणि पुनर्वाचन तळाच्या गटात गेलं. स्वतःची चाचणी घेणं आणि अंतराने उजळणी हे दोनच वरच्या गटात.

आता कोरेगाव किंवा मेढ्याहून रोज एसटीने साताऱ्याला येणाऱ्या मुलांचं बघू. गर्दीत दांडा धरून उभं राहिलं की पुस्तक उघडता येत नाही आणि तो वेळ वाया गेला असं घरचे म्हणतात. मला तो अभ्यासाचा चांगला वेळ वाटतो. केप्लरचे तीन नियम सांग, विद्युतधारेच्या धड्यात काय काय होतं ते ओळीने म्हण, असं दोघांनी एकमेकांना विचारावं. न आलेलं लक्षात ठेवावं आणि उतरल्यावर पुस्तकात बघावं. हे बघणं चुकवू नये, नाहीतर चुकीचंच उत्तर पक्कं होतं. आणि धडा मुळात समजलेला हवा. न समजलेलं आठवायला बसणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

झोपेचा प्रश्न पालक हमखास विचारतात. दिवसा शिकलेलं पक्कं होण्याचं बरंच काम झोपेत चालतं. त्यामुळे पेपरच्या आदल्या रात्री दोनपर्यंत जागून नवा धडा घेण्यापेक्षा वेळेवर झोपलेलं चांगलं.

घरी मदत करायला शिक्षण आड येत नाही. सातवीपर्यंत शिकलेली आई पुस्तक हातात धरून प्रश्न विचारू शकते आणि उत्तर छापलेल्याशी जुळतं का ते बघू शकते. अट एवढीच, पोरगं अडलं की लगेच सांगायचं नाही. दहा-पंधरा सेकंद गप्प बसायचं, त्याला आठवू द्यायचं. तरीही नाही आलं तर उत्तर वाचून दाखवायचं, प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचा आणि दोन दिवसांनी सगळ्यात आधी तोच विचारायचा.